सात परीक्षणं, एकच तारीख, एकच तास

देवदार, ३ मार्च, रात्री ९:१०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज विचारतो.

गेल्या वर्षी लॅपटॉप घेतला. घेण्याआधी पंधरा दिवस नुसती परीक्षणं वाचली आणि व्हिडिओ पाहिले. कुठेही खटकण्यासारखं काही नव्हतं. दहाव्या महिन्यात एकदा झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि स्क्रीनची खालची चौकट उचकटली. दुरुस्ती करणाऱ्याने तळाचं झाकण काढून आत दाखवलं. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी बुशांमध्ये बसतात, ते बुश नुसत्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये रोवलेले होते. वापरून वापरून बिजागरी घट्ट होत गेली आणि झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर यायला लागला. शेवटी तीनपैकी दोन बुश प्लॅस्टिकचा लचका घेऊन बाहेर आले. तो म्हणाला, “याच मॉडेलचं हे माझ्याकडचं तिसरं. तळ उघडला की लगेच कळतं.”

घरी येऊन ती सगळी परीक्षणं पुन्हा काढली. सात लेख. सातही एकाच तारखेचे आणि एकाच तासात आलेले. पाचांमध्ये ‘झाकण एका बोटाने उघडतं’ हे वाक्य थोड्याफार फरकाने आहे. तळ एकानेही उघडलेला नाही. आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘इथे विकत घ्या’ हे बटण.

यांनी पैसे खाऊन लिहिलं असं मला म्हणायचं नाही, तसं वाटतही नाही. मग सात वेगवेगळ्या जागी बसलेल्या माणसांना तीच गोष्ट दिसते आणि तीच दिसत नाही, हे होतं कसं? आणि पुढची खरेदी करताना भरवसा कोणावर ठेवायचा?

रात्रपाळी, ३ मार्च, रात्री ९:२२

सगळे पैसे घेतात. विषय संपला.

मुक्ता_जो, ३ मार्च, रात्री ९:५१

@रात्रपाळी, एवढ्यात नाही संपत. पैसे देऊन वदवून घेण्याचे प्रकार होतात, पण ते कागदावर असतात आणि म्हणून कधीतरी सापडतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) आणि सात राज्यांनी गूगल आणि आयहार्टमीडिया या रेडिओ कंपनीवर कारवाई केली. रेडिओ निवेदकांनी पिक्सेल ४ बद्दल ‘मी हा फोन वापरतो, फोटो किती छान येतात’ अशा थाटाच्या जाहिराती वाचल्या होत्या. त्या ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा बहुतेकांच्या हातात तो फोन आलेलाही नव्हता! अशा जवळपास २९,००० जाहिराती वाजल्या होत्या आणि तडजोडीची रक्कम ९४ लाख डॉलर. त्याआधी २०१३ मध्ये तैवानच्या व्यापार आयोगाने सॅमसंगला दंड केला होता, कारण माणसं लावून इंटरनेटवर एचटीसीच्या फोनांबद्दल वाईट लिहून घेतलं होतं.

पण या दोन्ही जाहिरातीच होत्या, फक्त वेश बदललेल्या. देवदार विचारताहेत ते पत्रकारितेबद्दल. कोणीही पाकीट दिलं नसताना सात जण सारखंच का लिहितात? हा प्रश्न जास्त अवघड आहे.

कधीकाळी, ३ मार्च, रात्री ११:३४

सहा वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून लिहिते. नोकरी सोडून बराच काळ झाला. कुठे होते ते सांगत नाही.

फोन किंवा लॅपटॉप आमच्याकडे बाजारात यायच्या आठवडाभर आधी यायचा. सोबत तीन गोष्टी असायच्या. पहिली म्हणजे एम्बार्गोचं पत्र: अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही. तुमच्या सात लेखांचा एकच तास तिथून आला. दुसरी, ‘रिव्ह्यूअर्स गाइड’ नावाची पुस्तिका. कंपनीच्या मते पाहण्यासारखं काय आहे, कोणत्या चाचण्या कराव्यात, मागच्या मॉडेलपेक्षा काय सुधारलं, हे सगळं त्यात नीट मांडलेलं असतं. ‘एका बोटाने झाकण उघडतं’ हे वाक्य बहुधा तिथलं. त्यात खोटं काहीच नाही. एका बोटाने उघडतंच. बिजागरी कशात रोवली आहे हे मात्र पुस्तिकेत नसतं. तिसरी गोष्ट, परत करण्याची तारीख. उसनी वस्तू परत करायची असताना तळाचे स्क्रू काढायचा धीर फार थोड्यांना होतो.

आता खरी मेख. मला सहा वर्षांत एकदाही कोणी ‘चांगलं लिहा’ म्हटलं नाही. एका फोनच्या कॅमेऱ्यावर मी सडकून लिहिलं होतं. कंपनीच्या बाईंचा फोन आला, अगदी गोड बोलल्या, ‘तुमचे मुद्दे टीमला कळवते’ म्हणाल्या. पुढचा फोन बाजारात आला तेव्हा इतरांकडे आठवडाभर आधी पोहोचला, माझ्याकडे तिसऱ्या दिवशी. विचारलं तर ‘यावेळी नग कमी होते’. आणि तिसऱ्या दिवशी लिहिलेलं परीक्षण कोण वाचतं? लोक शोधतात ते पहिल्या दिवशी, आणि आमच्या पानाची कमाईही तेव्हाच. संपादक काही बोलले नाहीत, फक्त त्या महिन्याचे वाचनाचे आकडे माझ्यासमोर ठेवले.

त्यानंतरच्या परीक्षणात मी ‘खराब’ऐवजी ‘सुधारणेला वाव आहे’ लिहिलं. सांगितलं कोणीच नव्हतं. ते शब्द मी स्वतः बदलले, आणि बदलताना मला कळत होतं. याची आजही लाज वाटते, म्हणूनच इथे लिहिते आहे.

याला विकलं जाणं म्हणत नाहीत. आपल्याकडे नेमका शब्द आहे: मिंधेपण.

सूर्यफूल, ४ मार्च, सकाळी ७:१५

@कधीकाळी, प्रतिसाद वाचून गप्प झाले. ‘सुधारणेला वाव आहे’ हे मी किती लेखांत वाचलं असेल! आजवर मला ती सौम्य तक्रार वाटायची.

लोलक, ४ मार्च, सकाळी ८:४०

मिंधेपण हा शब्द चपखल आहे. पण कधीकधी कंपन्या तेवढा पडदाही ठेवत नाहीत. दोन उदाहरणं देतो.

डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या ऑस्ट्रेलियन चॅनेलला मेल पाठवून कळवलं की यापुढे आमच्या ग्राफिक्स कार्डांचे नमुने तुम्हाला मिळणार नाहीत. कारण काय, तर ते रे ट्रेसिंगपेक्षा (प्रकाशाचे किरण हुबेहूब दाखवण्याचं नवं तंत्र) नेहमीच्या रास्टर पद्धतीने चित्र काढण्याच्या वेगाला जास्त महत्त्व देतात आणि त्यांची संपादकीय दिशा बदलली तर फेरविचार करू! त्यांनी ते जाहीर केलं, बाकीच्या परीक्षकांनी आवाज उठवला, आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेऊन माफी मागितली.

दुसरं ऑगस्ट २०२४ चं. गूगलच्या ‘टीम पिक्सेल’ योजनेत फुकट फोन मिळणाऱ्यांच्या अटींमध्ये एक कलम आलं: स्पर्धकांच्या फोनऐवजी पिक्सेलच दाखवायचा, दुसऱ्या ब्रँडला झुकतं माप दिसलं तर संबंध संपले. ते बाहेर फुटल्यावर गूगलने कलम काढलं. ही योजना वृत्तसंस्थांना दिल्या जाणाऱ्या नमुन्यांपेक्षा वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही आहे. पण आपण स्क्रीनसमोर बसतो तेव्हा हा पत्रकार आणि हा योजनेतला, हे ओळखणार कसं?

वसंतरंग, ४ मार्च, सकाळी १०:०५

मला यातलं निम्मं पटत नाही.

एम्बार्गो ही वाईट गोष्ट नाही. एम्बार्गो नसेल तर जो दोन तासांत घाईघाईने लिहील तो जिंकेल. सगळ्यांना सारखा आठवडा मिळाला तर निदान चाचण्या तरी होतात. उसने नमुनेही अपरिहार्य आहेत. एक माणूस घरातून चॅनेल चालवतो, त्याने वर्षाला पन्नास फोन विकत कुठून घ्यायचे?

आणि सगळे मिंधेच असतात म्हणाल, तर सॅमसंगचा २०१९ चा घडीचा फोन, गॅलक्सी फोल्ड, आठवा. एप्रिलमध्ये परीक्षकांना उसने दिलेले फोन दोन-तीन दिवसांत मोडले. काहींनी वरचा थर संरक्षक फिल्म समजून सोलला होता, पण काहींचे काहीही न करता बिघडले. सगळ्यांनी फोटोंसकट छापलं. २६ एप्रिलला येणारा फोन सॅमसंगला सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावा लागला. उसन्या नमुन्यांनीच हे केलं ना?

उलट बाजूने सॅमसंगचाच नोट ७ फोन घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याची भरभरून स्तुती झाली, आणि सप्टेंबरमध्ये बॅटऱ्या पेट घेतात म्हणून फोन परत मागवायला लागले. ऑक्टोबरमध्ये तर उत्पादनच बंद झालं. परीक्षक मिंधे होते म्हणून त्यांना ते दिसलं नाही का? नाही. एका नगावरून लाखांतल्या काहींचा दोष कळूच शकत नाही. अज्ञान आणि पक्षपात यांची गल्लत नको.

कधीकाळी, ४ मार्च, सकाळी ११:२०

@वसंतरंग, नोट ७ बद्दल पूर्ण सहमत. तो दोष कोणालाच दिसला नसता.

पण फोल्डचं उदाहरण मला उलट वाटतं. तो दुसऱ्या दिवशी मोडला म्हणून छापला गेला. जे दुसऱ्या दिवशी डोळ्यांदेखत मोडतं ते कोणीच लपवत नाही, लपवणं शक्यही नसतं. माझं म्हणणं आहे ते दहाव्या महिन्यात मोडणाऱ्या गोष्टींबद्दल. आणि त्याच फोल्डच्या बाबतीत आयफिक्सिट या उपकरणं उघडून दाखवणाऱ्या साइटने फोन उघडून आतली रचना दाखवली होती. त्यांना फोन त्यांच्या एका भागीदारामार्फत मिळाला होता. सॅमसंगने त्या भागीदारामार्फत विनंती केली, आणि कायद्याने बंधन नसतानाही त्यांनी ते पान काढलं, कारण त्या भागीदाराशी संबंध राखायचे होते. नंतर फोन बाजारात आल्यावर पुन्हा उघडला, पण एप्रिलमध्ये ते पान काढलंच. त्यांच्यासारख्यांना भीड पडते, तर पगारावर लिहिणाऱ्याचं काय?

‘भीड भिकेची बहीण’ उगाच म्हणत नाहीत.

पायमोजणी, ४ मार्च, दुपारी १:०२

मी स्टोरेज आणि सर्व्हरच्या कामात आहे. परीक्षकाला आलेला नग आणि आपल्या हातात पडणारा नग एकच असतो, हे गृहीतच धरू नका.

एसएसडीमध्ये, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, हे वारंवार झालं आहे. किंग्स्टनचा व्ही३०० पहिल्यांदा आला तेव्हा सिंक्रोनस, म्हणजे वेगवान नॅण्ड (माहिती साठवणाऱ्या) चिप होत्या आणि परीक्षणं चांगली आली. नंतर नाव तेच ठेवून आत असिंक्रोनस, म्हणजे हळू चिप घातल्या. हार्डवेअर बारकाईने तपासणाऱ्या आनंदटेक या साइटने २०१४ मध्ये यावर लिहिलं. २०२१ मध्ये क्रूशियल पी२ चं तेच झालं: आधी टीएलसी चिप, नंतर त्याहून स्वस्त आणि हळू क्यूएलसी. डब्ल्यूडी ब्लू एसएन५५० मध्येही त्याच वर्षी चिप बदलल्या आणि मोठी फाइल लिहिताना वेग जवळपास निम्म्यावर आला. खोका तोच, नाव तेच. जुनी परीक्षणं मात्र पाच ताऱ्यांसह जशीच्या तशी, आणि त्यांच्याखाली विकत घ्यायची लिंकही.

इथे परीक्षकाने पहिल्या दिवशी प्रामाणिकच लिहिलं होतं. प्रश्न असा की सहा महिन्यांनी कोणी दुकानातून नवा नग आणून पुन्हा मोजलं का? त्यातून नवीन वाचक येत नाही, जाहिरात येत नाही, म्हणून ते होत नाही. जे मोजतात ते बोटांवर मोजण्याइतके.

बेंचमार्कचं, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचंही तसंच. २०१३ मध्ये आनंदटेकने दाखवलं की गॅलक्सी एस४ ठरावीक चाचणी-ॲप ओळखतो आणि फक्त त्यांच्यासाठी प्रोसेसरचा वेग वाढवतो. परीक्षक आकडे छापत होते आणि आकडे खरेच होते, पण फोन परीक्षेपुरता वेगळं वागत होता. यावरच्या खटल्यात सॅमसंगने पुढे २०१९ मध्ये तडजोड केली. २०१८ मध्ये हुआवेच्या फोनांतही हेच सापडलं.

रात्रपाळी, ४ मार्च, दुपारी १:३०

कालचं ‘विषय संपला’ मागे घेतो. वाचतोय.

भाषाप्रेमी, ४ मार्च, दुपारी ३:४५

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपण या लेखांना ‘परीक्षण’ का म्हणतो? परीक्षण म्हणजे परीक्षा घेणं, कसाला लावून पाहणं. चार दिवस उसनी वस्तू वापरून जे लिहितात ती फार तर तोंडओळख. तोंडओळख वाईट नसते, उपयोगी असते. पण तोंडओळखीवर कोणी लग्न ठरवत नाही. शीर्षकातच ‘तोंडओळख’ लिहिलं असतं तर देवदार यांनी ते लेख वेगळ्या नजरेने वाचले असते.

सूर्यफूल, ४ मार्च, दुपारी ४:०१

तोंडओळख! हा शब्द आजपासून माझा.

हिशेबनीस, ४ मार्च, सायंकाळी ६:३०

बटणाबद्दल कोणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहितो.

ॲफिलिएट लिंकमधून खरेदी झाली की त्या साइटला टक्केवारी मिळते. वायरकटर ही साइट २०११ मध्ये याच तत्त्वावर सुरू झाली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती ३ कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतली. त्यांचा युक्तिवाद मला पूर्वी पटायचा: वाचकाने वस्तू परत केली तर कमिशन मिळत नाही, म्हणून चांगलीच वस्तू सुचवण्यात आमचं हित आहे. ज्या कंपनीवर लिहायचं तिच्याकडूनच जाहिराती घेण्यापेक्षा हे बरं. दगडापेक्षा वीट मऊ.

पण तीन गोष्टी या हिशेबात बसत नाहीत. एक, ‘तुमचा जुना फोन अजून दोन वर्षं चालेल, काही घेऊ नका’ या सल्ल्यावर कमिशन शून्य. त्यामुळे तो सल्ला बहुतेक ठिकाणी दिसतच नाही, आणि कितीतरी वाचकांसाठी तोच खरा सल्ला असतो. दोन, वस्तू परत करण्याची मुदत काही दिवसांची. देवदार यांची बिजागरी दहाव्या महिन्यात गेली, तोवर कमिशन कधीच जमा झालेलं. तीन, ज्या उत्पादनाची कमिशन देणारी लिंकच नाही, ते यादीत येण्याची शक्यता कमी.

आणि जेव्हा मोठमोठ्या मासिकांना कळलं की ‘सर्वोत्तम दहा’ याद्यांत पैसा आहे, तेव्हा चाचणी न करताच याद्या निघायला लागल्या. हाउसफ्रेश ही हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची चाचणी घेणारी छोटी साइट आहे. त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सविस्तर लिहिलं की नामांकित प्रकाशनांच्या अशा याद्या गूगलवर त्यांच्या वर दिसतात आणि त्या याद्यांमध्ये प्रत्यक्ष चाचणी केल्याच्या खुणाच सापडत नाहीत. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या साइटवर वस्तूंची शिफारस करणारे असे लेखक सापडले जे अस्तित्वातच नव्हते. फोटो यंत्राने बनवलेले, ओळख बनवलेली. मजकूर बाहेरच्या एका कंपनीने पुरवलेला.

कधीकाळी यांनी निदान फोन हातात घेऊन लिहिलं होतं. इथे हातच नव्हते.

पडद्यामागून, ४ मार्च, रात्री १०:४८

दुसऱ्या बाजूने लिहितो. मी जनसंपर्कात होतो, नमुने वाटण्याचं काम माझ्याकडे होतं.

आमच्याकडे एक तक्ता असायचा. पहिल्या गटात आठ-दहा नावं, त्यांना सगळ्यात आधी. दुसऱ्या गटाला बाजारात आल्यावर. तिसऱ्याला शिल्लक राहिलं तर. कोण कुठल्या गटात हे वाचकसंख्येवरून ठरायचं, हे खरं. पण शेजारच्या रकान्यात ‘मागच्या परीक्षणाचा सूर’ असायचा. सकारात्मक, मिश्र, नकारात्मक. मी तो रकाना स्वतः भरला आहे.

कोणाला धमकी दिली नाही. ‘चांगलं लिहा’ म्हटलं नाही, कारण गरजच नव्हती. लिहिणाऱ्यांना तक्ता दिसत नव्हता, पण तो असतो हे सगळ्यांना माहीत होतं. कधीकाळी यांच्याकडे तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांचं नाव अशाच एका तक्त्यात एका गटातून दुसऱ्या गटात गेलं असणार. ती ओळ हलवायला चार सेकंदही लागत नाहीत.

कधीकाळी, ४ मार्च, रात्री ११:१५

रकान्याचं नाव आज कळलं. धन्यवाद, मनापासून. इतकी वर्षं वाटत होतं की कदाचित मीच कल्पना करत असेन.

मुक्ता_जो, ५ मार्च, सकाळी ७:५०

@पडद्यामागून, हे लिहायला धैर्य लागतं.

यात भर एवढीच की दबाव फक्त कंपनीकडून येत नाही, मालकाकडूनही येतो. जानेवारी २०१३ मध्ये सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या साइटच्या संपादकांनी सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात डिश कंपनीच्या ‘हॉपर’ या टीव्ही-रेकॉर्डरला सर्वोत्तम म्हणून निवडलं. सीनेटची मालक होती सीबीएस ही टीव्ही कंपनी, आणि सीबीएसचा डिशशी त्याच यंत्रावरून खटला चालू. वरून आदेश आला, यंत्र यादीतून काढलं गेलं आणि पुन्हा मतदान झालं. एका ज्येष्ठ वार्ताहराने राजीनामा दिला. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने त्या पुरस्कारांसाठीचं सीनेटशी असलेलं नातं तोडलं आणि हॉपरला पुरस्कार दिला. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात त्याआधी, २००७ मध्ये, गेमची परीक्षणं छापणाऱ्या गेमस्पॉट साइटच्या जेफ गर्स्टमनला नोकरीवरून काढण्यात आलं. त्याने ज्या गेमला १० पैकी ६ गुण दिले त्याच्याच जाहिरातींनी साइट भरली होती. तो यावर मोकळेपणाने बोलू शकला २०१२ मध्ये.

या दोन घटना बाहेर आल्या, कारण कोणीतरी किंमत मोजली.

अबोली२, ५ मार्च, सकाळी ९:३०

नियम नाहीत का यावर काही?

मुक्ता_जो, ५ मार्च, सकाळी ९:५८

आहेत. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये ब्लॉगलेखकांपर्यंत आल्या, २०२३ मध्ये पुन्हा सुधारल्या. खोट्या परीक्षणांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. भारतात जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने सूचना काढल्या: पैसे, भेटवस्तू, सहली, फुकट मिळालेली वस्तू, काहीही घेतलं असेल तर ठळकपणे सांगायचं.

पण हे सगळं घेतलेल्या गोष्टींबद्दल आहे. पुढच्या वेळी नमुना मिळणार नाही या धास्तीचा खुलासा कोणत्या रकान्यात लिहायचा?

वसंतरंग, ५ मार्च, सकाळी ११:१०

माझं मत थोडं बदललं, हे कबूल करतो. तो तक्ता डोक्यातून जात नाही.

तरीही एक सांगायचं आहे. कडक लिहिणाऱ्याच्या मागे आपण वाचक उभे राहतो का? एप्रिल २०२४ मध्ये मार्केस ब्राउनली या यूट्यूबवरच्या परीक्षकाने ह्यूमेन कंपनीच्या एआय पिनला (कपड्यावर लावायचं यंत्र) आजवर परीक्षण केलेलं सर्वात वाईट उत्पादन म्हटलं. लगेच त्याच्यावरच टीका झाली: एवढ्या मोठ्या चॅनेलने छोट्या कंपनीला बुडवणं अनैतिक आहे म्हणून! फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचा बराचसा भाग एचपीने घेतला आणि महिनाअखेरीस पिनची सेवाच बंद पडली. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्याकडे न चालणारा एक तुकडा उरला. ते परीक्षण वाचून जे थांबले त्यांचे पैसे वाचले.

आणि आनंदटेक, ज्याचं नाव पायमोजणी यांनी दोनदा घेतलं, ते १९९७ पासून चालू होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. शेवटच्या निरोपात लेखी तंत्रपत्रकारितेचा बाजार पूर्वीसारखा राहिला नाही असं लिहिलं होतं. बारकाईने मोजणारे बंद पडतात आणि झटपट याद्या चालतात, तर त्यात आपलाही वाटा आहे.

लोलक, ५ मार्च, दुपारी १२:२५

+१. मी आनंदटेक दहा वर्षं वाचलं आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन लावून वाचलं.

अबोली२, ५ मार्च, दुपारी २:४०

मग देवदार यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला की. भरवसा कोणावर?

हिशेबनीस, ५ मार्च, दुपारी ३:३०

वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून, ब्रिटनमध्ये ‘विच?’ १९५७ पासून. जर्मनीत श्टिफ्टुंग वारेनटेस्ट १९६४ पासून, ती सरकारने स्थापन केली. तिन्ही ठिकाणी चाचणीच्या वस्तू दुकानातून, सामान्य गिऱ्हाइकासारख्या विकत आणतात. तक्त्यात त्यांचं नावच नसतं, मग सूर कसला नोंदवणार!

फरक कसा पडतो ते २०१० च्या आयफोन ४ वरून पाहा. आधी नमुना मिळालेल्यांची परीक्षणं बहुतेक कौतुकाची होती. कन्झ्युमर रिपोर्ट्सने तीन वेगवेगळ्या दुकानांतून तीन फोन आणले, बाहेरच्या लहरी आत येणार नाहीत अशा खोलीत तपासले, आणि डाव्या कोपऱ्यातल्या फटीवर बोट ठेवलं की सिग्नल पडतो हे सिद्ध केलं. बाकी गुणांत तो फोन त्यांच्या यादीत वरच होता, तरी त्यांनी शिफारस केली नाही. त्याच आठवड्यात ॲपलने पत्रकार परिषद घेऊन सगळ्यांना फुकट कव्हर दिलं.

त्याही चुकतात. २०१६ च्या मॅकबुक प्रोच्या बॅटरीचे आकडे एकाच यंत्रावर एकदा १९ तासांच्या वर, एकदा ५ च्या खाली आले आणि त्यांनी शिफारस नाकारली. मग कळलं की चाचणीसाठी सफारीत बदललेल्या एका सेटिंगमुळे ब्राउझरमधला दोष जागा होत होता. ॲपलने तो दुरुस्त केला, यांनी पुन्हा मोजलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये शिफारस दिली. आधीचं काय चुकलं तेही छापलं.

पायमोजणी, ५ मार्च, दुपारी ४:१५

याला जोडून: वस्तू घ्यायच्या आधी मी आता नव्या परीक्षणांपेक्षा जुन्या मॉडेलच्या तक्रारी वाचतो. मॉडेलच्या नावापुढे ‘बिजागरी’, ‘बॅटरी फुगली’, ‘मदरबोर्ड’ असे शब्द टाकून शोधा. कंपनी रचना सहसा दर वर्षी मुळापासून बदलत नाही. आणि दुरुस्ती करणाऱ्याला विचारा की तुमच्याकडे कोणतं मॉडेल सारखं येतं. त्याला कोणी नमुना पाठवत नाही.

देवदार, ७ मार्च, रात्री ८:५५

चार दिवस लिहिलं नाही, कारण एक काम करत होतो. बिजागरीचे फोटो, तुटलेल्या खुंट्यांसकट, त्या सातही ठिकाणी पाठवले. तक्रारीच्या सुरात नाही. नुसतं लिहिलं की दहा महिन्यांनी असं झालं, दुरुस्ती करणाऱ्याकडे हे तिसरं आहे, तुमच्या लेखावर टीप टाकता येईल का.

दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं की नमुना कधीच परत गेला, त्यामुळे पडताळता येणार नाही. दुसऱ्याने दोन प्रश्न विचारले, आणखी एक जवळून काढलेला फोटो मागितला, आणि आज दुपारी त्याच्या लेखाच्या सुरुवातीलाच टीप आली: बिजागरीच्या आधाराबद्दल वाचकाकडून फोटोसह माहिती मिळाली आहे, आमच्या चाचणीत तळ उघडून पाहिला नव्हता. खाली तो फोटो.

तो लेख आता जो वाचेल त्याला ते दिसेल. मला एवढंच हवं होतं.

कधीकाळी, ७ मार्च, रात्री ९:२०

त्या माणसाला माझा नमस्कार कळवा. ‘तळ उघडून पाहिला नव्हता’ हे लिहिणं किती जड जातं, मला माहीत आहे.

सूर्यफूल, ७ मार्च, रात्री १०:०५

मीही सुरुवात करते. फोन चौदा महिने वापरला. नमुना नाही, स्वतः विकत घेतलेला. स्क्रीन आजही उत्तम. बॅटरी पहिल्या वर्षी रात्रीपर्यंत पुरायची, आता दुपारी चारला चार्जिंग लागतं. मागच्या काचेला आपोआप तडा गेला नाही, पडल्यावर गेला, तो माझाच दोष. आवाज कमी-जास्त करायचं वरचं बटण अकराव्या महिन्यापासून दोनदा दाबावं लागतं. एकदा पूर्ण आत गेलं आणि तसंच राहिलं, सुईने काढावं लागलं. चार्जिंगचं भोक सैल झालंय, केबल एका कुशीवर ठेवली तरच धरते. उद्या उजेडात दोन्हींचे फोटो काढून टाकते.